विंचू पायाला, पाणी छातीत: पेशींच्या बोलण्याची गोष्ट

रचून ठेवलेले चिरे नाहीतर लाकडाचा ढीग हलवताना लाल विंचू पायाच्या अंगठ्याला डसतो. ठणका अंगठ्यातच असतो, पण थोड्या वेळात माणूस घामानं निथळू लागतो, उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते. मग हातपाय बर्फासारखे गार पडतात, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. काही तासांनी धाप लागते आणि खोकल्यातून गुलाबीसर फेस येतो. फुप्फुसात पाणी भरलेलं असतं. कोकणात एके काळी धडधाकट पोरं अशी एका रात्रीत जायची.

डंख अंगठ्याला आणि पाणी छातीत, हे झालं कसं? विष रक्तातून सगळीकडे पसरतं हे खरं, पण ते फुप्फुसाला जाऊन कुरतडत नाही. ते मज्जातंतूंना बोलायला लावतं आणि गप्प बसू देत नाही. पुढचं बहुतेक नुकसान शरीर आपलं आपणच करून घेतं, स्वतःच्याच निरोपांनी. हे निरोप कसले, ते कोण कोणाला धाडतं आणि पोचल्यावर त्यांना मिटवतं कोण, एवढं कळलं की विंचवाचं कोडं सुटतं. कपाशीवरच्या फवारणीनं होणाऱ्या विषबाधेचं, मण्यारीच्या दंशाचं आणि पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचंही.

आपल्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी आहेत. प्रत्येक पेशी म्हणजे तेलकट पापुद्र्याची बंद पिशवी. तिला डोळे नाहीत, कान नाहीत. बाहेर काय चाललंय हे तिला समजतं ते मुख्यतः आपल्या पापुद्र्याला काय येऊन टेकलं यावरून. त्यामुळे पेशींचं बोलणं म्हणजे रेणूंची देवघेव. एक पेशी रेणू सोडते, तो दुसरीच्या अंगाला जाऊन लागतो. दुसरीच्या पापुद्र्यात प्रथिनं बसवलेली असतात आणि त्यांना ठरावीक आकाराच्या खाचा असतात. या प्रथिनांना रिसेप्टर म्हणतात, आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीत ग्राही. जो रेणू खाचेत बसतो तोच तिला ‘ऐकू’ येतो. बाकीचे हजार रेणू शेजारून वाहत गेले तरी तिला पत्ता नसतो.

निरोप किती लांब न्यायचा त्यावर पद्धत ठरते. हार्मोन म्हणजे दवंडी: एका ग्रंथीनं रक्तात सोडलं की गावभर फिरतं, सगळ्यांच्या दारावरून जातं, ज्याचं काम असेल तो उठतो. मज्जातंतूचं बोलणं म्हणजे कानात सांगणं. तो थेट ज्या पेशीशी बोलायचंय तिच्यापर्यंत पोचतो आणि केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहून कमी एवढ्या फटीत रेणू सोडतो. आणि जखम झाली, गळू आलं, की शेजारच्या पेशी एकमेकींना परसातून हाका मारतात तशी रसायनं आसपास सोडतात. त्या हाकांनीच तिथे रक्त धावतं, सूज येते, जागा लाल होते.

शाळेत ग्रंथींचा तक्ता असायचा. डावीकडे हार्मोनचं नाव, उजवीकडे ‘कार्य’. ॲड्रेनलिनसमोर लिहिलेलं असे: संकटाशी सामना करणे. त्या तक्त्यानं निदान माझा तरी बरीच वर्षं एक गैरसमज करून ठेवला होता, की हुकूम रेणूतच भरलेला असतो. ॲड्रेनलिनचा रेणू आहे जेमतेम २६ अणूंचा. त्यात ‘घाबर’ किंवा ‘पळ’ असं काहीही लिहिलेलं नाही. तो फक्त एक आकार आहे. त्याचा अर्थ लावते ती ऐकणारी पेशी.

रात्री गल्लीतलं कुत्रं गाडीमागे लागतं तेव्हाचं पाहा. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या, प्रत्येकी काही ग्रॅमच्या दोन ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. तोच रेणू सगळीकडे जातो. कातडीतल्या रक्तवाहिन्यांना तो लागला की त्या आवळतात, म्हणून आपण पांढरेफटक पडतो. हृदयाला लागला की ठोके वाढतात. श्वासनलिकांना लागला की त्या उलट सैल होऊन रुंदावतात. यकृताला लागला की ते साठवलेली साखर रक्तात सोडतं. एकाच रेणूनं कुठे आवळणं, कुठे सैल पडणं हे कसं, याचं उत्तर १९४८ साली अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं: रेणू एकच असला तरी खाचा वेगवेगळ्या आहेत. त्यांनी त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावं दिली. कातडीच्या रक्तवाहिन्यांवर अल्फा, हृदयावर बीटा. पुढे बीटातही पोटजाती निघाल्या, श्वासनलिकांवरची त्यातली एक. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल याच शेवटच्या जातीच्या खाचेत बसेल असं बेतलेलं आहे. पंप घेतल्यावर काहींचे हात थरथरतात, कारण हाताच्या स्नायूंवरही तीच खाच आहे. औषधाला दम्याशी काही देणंघेणं नसतं, ते खाच ओळखतं.

आता दाराबाहेरचा निरोप घरात कसा पोचतो? ॲड्रेनलिन पेशीच्या आत कधी शिरतच नाही. रिसेप्टर पापुद्र्यातून सात वेळा आरपार ओवलेला असतो. बाहेरच्या बाजूला रेणू बसला की आतली बाजू किंचित वळते. आत त्याला टेकून एक जी-प्रथिन बसलेलं असतं, ते या वळण्यानं चालू होतं. हा एक खटका समजा, पण जिन्यातल्या दिव्याच्या बटणासारखा, थोड्या वेळानं आपोआप बंद होणारा. (हे बंद होणं लक्षात ठेवा, पटकीच्या वेळी लागेल.) चालू असेतो तो एका एन्झाइमला जागं करतो आणि ते सायक्लिक एएमपी नावाचे छोटे रेणू भराभर तयार करत सुटतं. ते पुढच्या एन्झाइमला जागं करतात, ते त्याच्या पुढच्याला. दर पायरीला आकडा फुगत जातो. यकृताच्या दारावर टेकलेल्या ॲड्रेनलिनच्या एका रेणूमागे शेवटी साखरेचे कोट्यवधी रेणू सुटू शकतात. रक्तात हार्मोन अगदी चिमूटभर असतं तरी अख्खं शरीर हलतं ते यामुळे. आतला हा दुसरा निरोप्या, म्हणजे सायक्लिक एएमपी, अर्ल सदरलँड यांनी १९५०च्या दशकात यकृताच्या पेशी वाटून, गाळून शोधला. त्याबद्दल त्यांना १९७१ चं नोबेल मिळालं. जी-प्रथिनाचं नोबेल १९९४ साली आणि रिसेप्टरचं २०१२ साली दिलं गेलं. दारापासून आतल्या खोलीपर्यंतची ही वाट समजायला साठएक वर्षं लागली.

सगळेच निरोपे दाराशी थांबत नाहीत. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन यांच्यासारखी तेलात विरघळणारी हार्मोनं पापुद्र्यातून आत जातात आणि थेट जनुकांपर्यंत पोचतात, त्यामुळे त्यांचा परिणाम दिसायला तास किंवा दिवस लागतात. नायट्रिक ऑक्साइड तर साधा वायू आहे, जेमतेम काही सेकंद टिकतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूला सैल करून जातो. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात त्या गोळ्या शेवटी हाच वायू पुरवतात. आल्फ्रेड नोबेल नायट्रोग्लिसरीनचे स्फोटक कारखाने चालवून श्रीमंत झाले आणि म्हातारपणी हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी त्यांना नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं. ते शरीरात काय करतं हे उलगडणाऱ्यांना १९९८ साली नोबेल मिळालं.

आता विंचवाकडे परत. मज्जातंतूतून संदेश धावतो तो सोडियमचे कण आत घेणाऱ्या सूक्ष्म झडपा उघडतात तेव्हा. उघडून त्या लगेच मिटायला हव्यात. लाल विंचवाचं विष त्या मिटू देत नाही. मज्जातंतू पुन्हापुन्हा पेटत राहतात आणि त्यांच्या टोकांतून रसायनं सांडत राहतात. घाम, लाळ, उलट्या हा पहिला लोंढा. दुसरा लोंढा ॲड्रेनलिन आणि त्याच्या भावंडाचा, नॉरॲड्रेनलिनचा. सगळ्या अल्फा खाचा एकदम भरतात, अंगभर रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून हातपाय गार. हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलायचं असतं आणि बीटा खाचा त्याला आणखी पळवत असतात. ते थकतं. फुप्फुसाकडून आलेलं रक्त पुढे सरकत नाही, मागे तुंबतं, आणि त्यातलं पाणी फुप्फुसात झिरपतं.

महाड भागात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले, नोंदी ठेवल्या आणि नेमकं हेच ओळखलं: झगडा विषाशी कमी आणि उघड्या अल्फा खाचांशी जास्त आहे. रक्तदाबासाठी प्राझोसिन नावाची गोळी तेव्हा आलेली होती. ती अल्फा खाचेत जाऊन बसते आणि काहीच करत नाही, फक्त जागा अडवते. ॲड्रेनलिनचा लोंढा चालूच असतो, पण ऐकणाऱ्यांचे कान बंद. रक्तवाहिन्या सैल पडतात, हातपाय ऊबदार होतात. हातपाय गरम होणं हीच सुधारल्याची खूण, त्यासाठी यंत्र लागत नाही. १९८०च्या दशकापासून त्यांनी हे अनुभव ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकांतून मांडले आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. पुढे विंचवाचं प्रतिविषही आलं, आणि दोन्ही मिळून दिलं तर रुग्ण लवकर सावरतो हेही त्यांनीच २०११ साली दाखवलं. खेड्यातल्या सरकारी दवाखान्यातून एवढं मूलभूत काम निघावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

घाम आणि लाळ आणणारा तो पहिला लोंढा ॲसिटिलकोलीनचा. या रेणूची ओळख पटली ती एका स्वप्नातून. ऑस्ट्रियातल्या ग्रात्सचे ओटो लोवी यांना मज्जातंतू रसायनानं बोलतात की विजेनं, हा प्रश्न छळत होता. एका रात्री झोपेत प्रयोग सुचला. त्यांनी उठून कागदावर खरडला, सकाळी स्वतःचं अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं. या वेळी ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदयं खारट पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्याचा मज्जातंतू उत्तेजित केला, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं पाणी घेऊन दुसऱ्याला दिलं. दुसऱ्याचा मज्जातंतू कोणी छेडला नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे निरोप पाण्यात उतरला होता. १९२१ साली त्यांनी हे छापलं, १९३६ साली हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळालं, आणि १९३८ साली नात्झींनी त्यांना तुरुंगात टाकून बक्षिसाची रक्कमही काढून घेतली.

ॲसिटिलकोलीनबद्दल जास्त महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मज्जातंतूनं स्नायूला ‘आवळ’ म्हटलं, स्नायू आवळला. आता तो सैल कधी होणार? निरोप खाचेत बसून राहिला तर कधीच नाही. म्हणून त्या फटीतच कोलीनएस्टरेज नावाचं एन्झाइम बसवलेलं आहे. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन तोडतो. पाटीवरचं अक्षर लिहिल्या लिहिल्या पुसणारा जणू. बोलण्याएवढंच हे पुसणंही जरुरीचं आहे, आणि सहसा आपण त्याचा विचारच करत नाही.

पुसणाराच नसला तर काय होतं ते यवतमाळनं २०१७ साली पाहिलं. त्या पावसाळ्यात कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. पाठीवर पंप घेऊन औषध मारणाऱ्या मजुरांच्या तोंडावर, अंगावर फवारा परतून येत होता. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले, जिल्ह्यात २० च्या आसपास माणसं गेली. फवारल्या जाणाऱ्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही होती. ही जात ऑर्गनोफॉस्फेटची. (लढाईत वापरलेला सरीन वायू याच कुळातला.) ती नाकातोंडातून जाते तशी कातडीतूनही जाते, आणि कोलीनएस्टरेजला जाऊन घट्ट चिकटते. किड्याच्या शरीरातलं हे एन्झाइम आणि माणसाचं, दोन्ही चुलत भावंडं. औषधाला फरक कळत नाही.

मग पाटी पुसली जात नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाकातोंडातून पाणी वाहतं, घाम, जुलाब, नाडी मंद, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू हार खातात. डॉक्टर ॲट्रोपिन देतात, छाती कोरडी होईपर्यंत पुन्हापुन्हा. ॲट्रोपिन विषाला हात लावत नाही. प्राझोसिनसारखं तेही फक्त खाचा अडवतं, लाळेच्या, घामाच्या, हृदयाच्या आणि श्वासनलिकांच्या. स्नायूंवरच्या ॲसिटिलकोलीनच्या खाचा वेगळ्या घाटाच्या असल्यामुळे त्यांवर ॲट्रोपिनचा इलाज चालत नाही, आणि तिथे कृत्रिम श्वास देऊन वाट पाहावी लागते. चिकटलेलं विष ओढून काढणारं प्रॅलिडॉक्झिम नावाचं औषध आहे, पण काही तास उलटले की पकड पक्की होते. त्यानंतर शरीरानं नवं एन्झाइम घडवायचं, याला इलाज नाही. म्हणून अंगावर औषध सांडलं तर पहिलं काम कपडे काढून साबणानं अंग धुण्याचं आणि दुसरं दवाखाना गाठण्याचं.

ॲट्रोपिन आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असतं. महादेवाला वाहतो तो. धोतऱ्याचं बी पोटात गेलेल्या माणसाचं तोंड कोरडंठाक पडतं, बाहुल्या विस्फारतात, अंग तापतं, तो बरळायला लागतो: फवारणीच्या विषबाधेचं जवळजवळ उलटं चित्र. हे वाचून कुणी घरच्या घरी उताऱ्याचा विचार करू नये. कोणत्या बोंडात किती विष असेल याचा नेम नाही, आणि गेलेली माणसं पुष्कळ आहेत.

मण्यार तिसरी तऱ्हा वापरते. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बहुधा दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते. तिच्या विषातले काही घटक स्नायूंवरच्या खाचांत बसतात, आणि काही तर बोलणाऱ्या मज्जातंतूचं टोकच निकामी करतात. निरोप निघतच नाही. म्हणून प्रतिविष देऊनही काहींना कित्येक दिवस श्वासयंत्रावर ठेवावं लागतं: मज्जातंतूंची टोकं नव्यानं फुटेपर्यंत. तिच्याच तैवानकडच्या नातलगाच्या विषातला एक रेणू ॲसिटिलकोलीनच्या खाचेला इतका गच्च बसतो, की १९७०च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्याला गळासारखं वापरून तो रिसेप्टर पापुद्र्यातून पहिल्यांदा वेगळा काढला. जागा अडवणं दर वेळी घातकच असतं असंही नाही. सकाळचा चहा हेच करतो. मेंदूत ‘दमलो’ असं सांगणाऱ्या ॲडिनोसिनच्या खाचेत कॅफीन जाऊन बसतं. थकवा कुठेच गेलेला नसतो, फक्त त्याचा निरोप दारातून परत जातो.

राहिली पटकी. तिच्यात निरोप धाडणारा कोणीच नसतो आणि तरीही पेशी हुकूम पाळत सुटते. कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधला, त्यात पटकीचे जंतू सोडले, तुकडा पाण्यानं टम्म फुगला. १९५९ साली त्यांनी जंतू गाळून टाकलेलं नुसतं पाणी वापरलं, तरी तेच झालं. म्हणजे दोष जंतूंनी सोडलेल्या एखाद्या रसायनाचा. ते विष आतड्याच्या पेशीत शिरून त्या जिन्यातल्या दिव्याच्या खटक्याला, जी-प्रथिनाला, चालू स्थितीत जाम करतं. खटका आपोआप बंद होईना. सायक्लिक एएमपी वाढतच जातं, पेशी क्षार बाहेर ओतत राहते आणि त्यामागे पाणी. दिवसाला १०-१५ लिटरसुद्धा. आतड्याला इजा म्हणावी अशी झालेलीच नसते. ते फक्त न आलेल्या हुकमाची ताबेदारी करत असतं. डे यांना नोबेल मिळायला हवं होतं असं सुचवणाऱ्यांत स्वतः नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग होते. मिळालं नाही.

हा जाम झालेला खटका सोडवणारं औषध आजही हाताशी नाही. पण त्याच पेशीला एक दुसरं दार आहे. साखर आणि सोडियम जोडीनं आले तर ते दार उघडतं आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. या दाराचा त्या खटक्याशी काही संबंध नाही, पटकीतही ते ठणठणीत असतं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत निर्वासितांमध्ये पटकी पसरली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून वाटलं. नातेवाइकांनीच पेल्यानं पाजलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. घरी करायचं तर १ लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सपाट ६ चमचे साखर, चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ.

जुलाब त्यानं लगेच थांबत नाहीत. पाणी एका दारानं जात असतं, दुसऱ्यानं येत असतं, आणि तोवर दिवस काढायचे असतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी तशाही चार-पाच दिवसांच्याच सोबती. जाम खटक्याच्या पेशी गळून पडतात, खालून नव्या वर येतात, आणि त्यांचा खटका मोकळा असतो.